दहाव्याचं भाषण

कावळा शिवेना.

नऊ वाजून गेले होते. मांजरी गावच्या घाटावरची फरशी तापायला लागली होती आणि नदीतल्या जलपर्णीचा कुजका वास उन्हाबरोबर वर येत होता. दुर्गाबाईंच्या दहाव्याला तीनेकशे माणूस जमलं होतं. पिंड मांडून पाऊण तास झाला, तरी उंबरावरचे सात-आठ कावळे माना वाकड्या करून नुसते बघत होते. पलीकडच्या काठावरच्या बारा मजली सोसायटीतले लोकही गॅलरीत चहाचे कप घेऊन बघत होते. त्यांच्यापैकीच कुणीतरी गेल्या महिन्यात घाटाच्या भिंतीवर कागद चिकटवला होता : 'मृतात्म्यास शांती लाभो. ती आम्हालाही लाभावी म्हणून कृपया माईक लावू नये.'

हिंदुराव पिंडापुढं उभा होता. डोकं भादरलेलं, ओलं धोतर पायाला चिकटलेलं. आईला त्याने एकेक वचन देऊन पाहिलं.

"आये, रान इकनार नाय."

कावळे हलले नाहीत.

"आये, ताईची दिवाळी चुकवनार नाय."

ताईने पदर डोळ्याला लावला. कावळ्यांना ताईचंही काही वाटलं नाही.

"अरं, म्हातारीचा जीव नातवात अडकलाय," मागून कुणीतरी म्हणालं. ते सगळ्यांच्याच मनात होतं, फक्त बोलायचं कुणी, एवढंच राहिलं होतं.

नातू म्हणजे रविराज, हिंदुरावाचा एकुलता एक मुलगा. पलटणीत होता. सतरा दिवसांपूर्वी सीमेवर लढाई पेटली आणि सगळ्यांच्या रजा बंद झाल्या. ज्या आजीने त्याला अंगाखांद्यावर वाढवलं तिच्या मातीला तो आला नाही, राखेलाही नाही आणि आज दहाव्यालाही नाही. म्हातारी जाताना दाराकडे बघत गेली, हे भावकीतल्या प्रत्येक बाईने प्रत्येक बाईला सांगून झालं होतं.

सगळ्यांच्या नजरा मुक्ताबाईकडे, रवीच्या आईकडे वळल्या. ती बायकांच्या घोळक्यात फोन छातीशी धरून बसली होती. गेले सतरा दिवस तो फोन तिने स्वयंपाक करताना चुलीच्या कट्ट्यावर आणि धार काढताना मांडीवर ठेवला होता. तो वाजला की ती दचकायची आणि नाही वाजला तर बंद पडला की काय म्हणून दाबून बघायची.

"मुक्ते, तूच बोल आता," थोरली जाऊ म्हणाली. "ऊन व्हाया लागलं."

मुक्ताबाई उठली. तिच्याजवळ सांगण्यासारखं एक होतं, आणि ते कुणाला सांगायचं नव्हतं. परवा सकाळी ती गोठ्यात असताना रवीचा फोन आला होता, कुणाच्या तरी फोनवरून, दोनच मिनिटं. कुठं आहोत, कसे आहोत ते तो घाईघाईने बोलला होता आणि शेवटी म्हणाला होता, "आये, हे कुनाला बोलू नको. बाबांना बी नको. शेफालीला बी नको." तिने नवऱ्याला सांगितलं नाही, सुनेला सांगितलं नाही. दोन दिवस तो घास तसाच तोंडात धरून ती वावरत होती. पण मेलेल्या माणसाला सांगितलं तर ते काय कुणाला सांगणं होतं?

ती पिंडाजवळ गेली, वाकली आणि हात जोडले.

"आत्या, रवी बरा हाय. परवा फोन आला हुता त्याचा. खेरवालीच्या लोखंडी पुलापाशी साळंत उतरल्यात ती. दोन दिस पान्याचा टँकर नाय आला, तोंडाला कोरड पडती म्हनला. पर जीवानं बरा हाय. तुमी आता घोर करू नका. जावा तुमी."

उंबरावरून एक कावळा उतरला, दोन पावलं तिरपा चालला आणि भाताला चोच लावून उडाला. घाटावरच्या माणसांनी सुटकेचा निःश्वास सोडला. हिंदुराव ओक्साबोक्शी रडला. मुक्ताबाईलाही कितीतरी दिवसांनी हलकं वाटलं.

तिच्या मागं चार हातांवर पृथ्वीराजदादा हात जोडून उभे होते, हे तिने पाहिलं नव्हतं.

आमच्या भागात दहाव्याला आधी प्रवचन होतं आणि मग पुढाऱ्यांची श्रद्धांजली. लग्नात पुढारी बोलायला लागला की माणसं जेवायला उठतात. दहाव्याला उठता येत नाही, म्हणून पुढाऱ्यांचा जीव दहाव्यात फार. पृथ्वीराजदादा हे माजी नगरसेवक. हिंदुराव वीस वर्षं त्यांचा माणूस. दादा म्हणजे माणूस वाईट नव्हता. कालव्याचं पाणी सुटलं नाही तर खडकवासल्यापर्यंत जाऊन साहेबाच्या टेबलावर हात आपटणारा होता. दुर्गाबाईंबद्दल ते चार वाक्यं चांगली बोलले. मग त्यांचा आवाज चढला.

"या माउलीचा नातू आज इथं का नाही? कारण राजधानीत बसलेल्यांना एक लढाई हवी होती. तयारी नाही, हिशोब नाही, कशासाठी लढतोय ते सांगायची हिंमत नाही. मी विचारणार. पोरं लढतायत तेव्हाच विचारणार, मेल्यावर विचारून उपयोग काय? आपला रविराज आज, या क्षणी, खेरवालीच्या लोखंडी पुलाजवळ एका शाळेत बसलाय. दोन दिवस प्यायला पाणी नाही त्याला. हे मी नाही सांगत, त्याची आई सांगतेय."

दहाव्याला टाळ्या वाजवत नाहीत, तरी मागच्या पोरांनी वाजवल्या. दहा-बारा फोन वर धरलेले होते. हिंदुरावाने रडून लाल झालेल्या डोळ्यांनी आजूबाजूला पाहिलं. एवढ्या माणसात आपल्या पोराचं नाव निघालं, याचा त्याला अभिमान वाटला होता.

शेफाली, रवीची बायको, मात्र बायकांमधून वाट काढत सासूजवळ आली. ती बिबवेवाडीची, हडपसरच्या एका कंपनीत नोकरीला. तिचा चेहरा उतरला होता.

"आई, हे तुम्ही सांगितलं त्यांना?"

"त्यास्नी नाय गं. आत्यास्नी सांगितलं."

शेफालीने डोळे मिटले.

घरी पाहुण्यांची पंगत बसली होती. मुक्ताबाई पाणी वाढत होती. प्रत्येक तांब्या भरताना तिला रवीची आठवण यायची. दुपारी दोनला शेफालीने तिला माजघरात बोलावलं आणि फोन पुढं केला. भाषण फोनवर आलं होतं. खाली कुणीतरी लाल अक्षरात लिहिलं होतं : 'लोखंडी पुलावर आपले जवान तहानलेले.'

"चाळीस हजार लोकांनी बघितलंय, आई. पलटणीच्या फॅमिली ग्रुपवर पहिल्याच दिवशी मेसेज आला होता, लोकेशन कुणालाही सांगायचं नाही. कुणालाही. मी तुम्हाला वाचून दाखवला होता."

"तिकडची बी बघतेत व्हय हे?"

"तिकडचे म्हणजे?"

"ज्यांच्यासंगं लढाई हाय ती."

शेफालीने फोन पालथा ठेवला. मुक्ताबाई धान्याच्या कोठीला टेकून खाली बसली. आपल्या तोंडातून निघालेलं नदी ओलांडून, शहर ओलांडून कुठल्या कुठं गेलं, आणि ते आता कुणाच्या बापाला परत आणता येणार नव्हतं.

"आणि मला का नाही सांगितलंत?" शेफालीने विचारलं. "तो माझा नवरा आहे. मला परवापासून नुसतं कळायला हवं होतं की तो बोललाय."

"कुनाला सांगू नको म्हनला हुता."

बाहेरून कुणीतरी पाणी मागितलं, आणि मुक्ताबाई तांब्या घेऊन उठली.

पाच वाजता बद्रीनाथ आला. तो दुसऱ्या पक्षाचा वॉर्ड अध्यक्ष. बरोबर फोनचा स्टँड घेतलेला माणूस होता. बद्रीनाथने दुर्गाबाईंच्या फोटोला हार घातला, चहा नको म्हणाला आणि खुर्ची ओढून बसला.

"काकू, एकच वाक्य बोलायचंय. माझ्या मुलाला सगळं व्यवस्थित मिळतंय आणि दादा खोटं बोलले. बास. पोरं तिकडं गोळ्या खातायत आणि हे इकडं माईकवर त्यांचे पाय ओढतायत. तुम्हाला तरी पटतं का?"

मुक्ताबाईला ते पटत होतं. पंचाईत अशी, की सकाळचं दादांचं बोलणंही तिला पटलं होतं. पाणी नाही हे खोटं म्हणून सांगावं, तर मग त्या पोराला पाणी कोण देणार? आणि खरं म्हणावं, तर ते रवीनेच सांगितलं हे सिद्ध होणार. तिने नवऱ्याकडे पाहिलं. हिंदुराव आपल्या भादरलेल्या डोक्यावरून हात फिरवत जमिनीकडे बघत बसला होता. सकाळचा अभिमान आता पार उतरला होता.

"मी काय बोलनार नाय," ती म्हणाली. "सकाळी बोलले तेच लई झालं."

"बरं." बद्रीनाथ उठला. "सैनिकाच्या मातोश्रींना देशाची बाजू घ्यायला थोडा वेळ हवाय, एवढंच टाकतो मग."

त्याने खरंच तसं टाकलं. दुसऱ्या दिवशी डेअरीवर दुधाची किटली घेऊन हिंदुराव रांगेत उभा राहिला, तर पुढच्या दोघांनी बोलणं थांबवलं आणि तो दूध घालून निघेपर्यंत पुन्हा सुरू केलं नाही.

सुतक संपलं होतं आणि मेथी थांबणार नव्हती. दहा दिवस रानात कुणी गेलं नव्हतं. आणखी चार-पाच दिवसांत तिला फुलं आली असती, मग तिच्याकडे उपबाजारात कुणी पाहिलंही नसतं. तिघंही सकाळी वाफ्यात उतरली. शेफालीने रजा टाकली होती. तिला ऑफिसात एकटं बसवत नव्हतं. मुक्ताबाई मुळासकट मेथी उपटायची, माती झटकायची, जुडी जमवून केळीच्या सोपटाने, खोडाच्या वाळक्या पट्टीने, गाठ मारायची. तिचे हात आपोआप चालत होते. फोन बांधावर उपरण्याच्या सावलीत ठेवला होता आणि दर चार जुड्यांनी ती मान वर करून त्याच्याकडे बघायची.

फोन वाजला नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशीही नाही.

शेफालीला मात्र सगळं कळत होतं. दादांचं भाषण मोठ्या पुढाऱ्याने उचललं आणि मुंबईच्या सभेत तेच सांगितलं, तेही पुलाच्या नावासकट. लगेच दुसऱ्या बाजूचा मोठा पुढारी टीव्हीवर आला आणि म्हणाला, असल्या गप्पांनी सैन्याचं मनोबल खचतं. असं म्हणताना त्यानेही पुलाचं नाव दोनदा घेतलं. खेरवाली कुठं आहे हे ज्यांना आयुष्यात माहीत नव्हतं, ते आता नकाशावर बोट ठेवून भांडत होते.

"एक नाय, दोनी बी तेच," हिंदुराव पाठ सरळ करत म्हणाला. "मी ज्यांच्यासाठी वीस वरीस सतरंज्या उचलल्या ना..." पुढचं त्याने गिळलं.

मग तो मुक्ताबाईकडे न बघता म्हणाला, "मला सांगायचंस गं. मी गप बसलो असतो. तुला घाटावर बोलू दिलं नसतं."

"व्हय," ती म्हणाली. दुसरं काय म्हणणार होती? तिला वाटत होतं की त्याने आपल्याला दोन शिव्या घालाव्यात. तो घालत नव्हता, याचीच तिला जास्त भीती वाटत होती.

तिसऱ्या दिवशी दुपारी बारा वाजता शेफाली वाफ्यात उभ्याउभ्याच फोनकडे बघत राहिली. तिच्या हातातली जुडी सुटून खाली पडली.

"काय गं?"

"खेरवालीच्या पुलावर मारा झालाय म्हणतायत. पहाटे. अजून काही कन्फर्म नाही." तिने तेच पुन्हा वाचलं. "काही कन्फर्म नाही, आई."

हिंदुराव आहे तिथंच चिखलात बसला. मुक्ताबाई बसली नाही. तिने पदर खोचला आणि रस्त्याकडे चालायला लागली. शेफालीने मागून दोनदा हाक मारली, तिला ऐकू गेली नाही. अनवाणी पाय डांबरावर भाजत होते. मनात एकच चाललं होतं : मी बोलले. मी बोलले म्हणून.

पृथ्वीराजदादांच्या कार्यालयात एसी चालू होता. सोफ्यावर पाच-सहा माणसं होती. मातीने भरलेले हात आणि पाय घेऊन ती दारात उभी राहिली. आत यायला तिला कुणी सांगितलं नाही, आणि फरशी घाण होईल म्हणून तीही आत गेली नाही. दादाच उठून दाराशी आले.

"वहिनी, मी बातमी बघितली. मी दोन ठिकाणी फोन लावलेत. कुणीच काही सांगत नाही."

"तुमी पुलाचं नाव कशाला घेतलं?"

"वहिनी, मी खोटं बोललो का? पाणी नाही हे कुणीतरी बोलायला नको? सगळेच गप्प बसले तर पोरं अशीच मरायची."

"बोलायचं हुतं की. लढाई नको म्हना, पानी द्या म्हना, मला बी तेच वाटतंय. पर माज्या लेकराचा पत्ता कशाला सांगितला? मी त्यो तुमाला नव्हता सांगितला. मी माज्या सासूला सांगितला हुता."

दादांनी खाली तिच्या चिखलाच्या पायांकडे पाहिलं. सोफ्यावरची माणसं फोनमध्ये बघायला लागली.

"मी उद्या पत्रकार परिषद घेतो," शेवटी ते म्हणाले. "सांगतो, की ही माहिती रवीने दिलेली नाही."

"नको." तिने दोन्ही हात जोडले, हातावरची वाळलेली माती खाली पडली. "मी पाया पडते, दादा. त्याचं नाव आता तोंडात घेऊ नका. चांगलं नको, वाईट नको. तुमी नको आन् बद्रीनाथ बी नको."

चौथा दिवस उजाडला तो तसाच. पुलावर मारा झाला हे खरं होतं, माणसं किती आणि कोण हे कुणी सांगत नव्हतं. शेफाली सकाळीच बिबवेवाडीला गेली. तिच्या वडिलांचे एक स्नेही सैन्यातून निवृत्त झाले होते, त्यांना विचारायला. हिंदुराव वाफ्याच्या पार टोकाला काम करत होता. दोघं एकमेकांपासून जितकं लांब बसता येईल तितकं लांब बसली होती.

अकराच्या सुमाराला फोन वाजला. नंबर अनोळखी होता. मुक्ताबाईच्या हाताला इतका चिखल होता की बोट पडद्यावर लागेना; तिने ते साडीला पुसलं, पुन्हा लावलं.

"हॅलो, माँ? मैं रविराज बोल रहा हूँ।"

आवाज रवीचा होता. पण जन्मल्यापासून त्याने तिला कधी माँ म्हटलं नव्हतं.

"रवी? आरं बाळा, बरा हायस का तू? कुठं..."

"माँ, हिंदी में बोलो," तो मधेच म्हणाला. "मैं ठीक हूँ। खाना-पानी सब बराबर मिल रहा है। किसी चीज़ की कमी नहीं है।"

मागं कुणीतरी खोकलं आणि खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. तिला कळलं. त्याच्या शेजारी कुणीतरी बसलं होतं आणि तो काय बोलतो, ती काय बोलते, ते ऐकत होतं. ज्याला मराठी कळत नव्हती, त्याला कळावं म्हणून पोरगा आईशी हिंदीत बोलत होता.

मुक्ताबाईला हिंदी यायची ती बाजारात भैय्यांशी भाव करण्यापुरती. ती शब्द शोधत राहिली. एवढ्या दिवसांत त्याला विचारायचं किती साठलं होतं, आणि त्यातलं एकही या भाषेत निघेना.

"पानी... पानी मिलता है ना?"

"हाँ माँ। बहुत है।"

प्रत्येक शब्दानंतर त्याची जीभ टाळूपासून सुटल्याचा बारीक आवाज येत होता. लहानपणी तापात बडबडायचा तेव्हा अगदी असाच यायचा. तिने तो ओळखला आणि ओळखलं हे त्याला कळू दिलं नाही.

"दादी का दसवा हो गया," ती म्हणाली.

पलीकडं त्याने नाक ओढलं.

"अच्छा हुआ, माँ," तो म्हणाला. मग त्याचा आवाज पुन्हा पहिल्यासारखा सपाट झाला. "सबको बोलना मैं ठीक हूँ। रखता हूँ।"

फोन बंद झाला. हिंदुराव मेथी तुडवत धावत येत होता.

"रवी हुता? रवीच हुता ना गं?"

"व्हय. जिता हाय."

त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि तो मोठमोठ्याने रडायला लागला. रडताना मधेच हसत होता. "पान्याचं काय म्हनला?"

"लई हाय म्हनला."

"मग झालं की. आता तू कशाला रडतीस?"

"आवो, त्यो खोटं बोलला. शेजारी मानूस बसवलाय त्याच्या. आता त्यो बरा हाय म्हनला, तरी मला कसं कळायचं?"

हिंदुराव काही बोलणार, तेवढ्यात रस्त्यावर गाडीचं दार वाजलं. पृथ्वीराजदादा एकटेच आले होते, बरोबर कुणी नाही. चेहरा ओढलेला, दाढी वाढलेली. हा माणूसही रात्रभर झोपला नसावा. बूट काढून, पँट वर करून ते बांधावरून जपत जपत चालत आले.

"वहिनी, लांबून तुमच्या हातात फोन दिसला," ते म्हणाले. "रवीचा होता का?"

ते मनापासून विचारत होते, हे मुक्ताबाईला दिसत होतं. तिने पदराने तोंड पुसलं, खाली बसली आणि मेथीची पुढची मूठ हातात घेतली.

"नाय," ती म्हणाली. "राँग नंबर हुता."

दादांनी हिंदुरावाकडे पाहिलं. हिंदुरावाने ओले डोळे तसेच ठेवून मान खाली घातली आणि तोही बायकोशेजारी बसून मेथी उपटायला लागला.